नी कॅप आणि नी ब्रेस: ज्येष्ठांच्या चालण्यावर कोणता पट्टा काय परिणाम करतो

गुडघ्याचा पट्टा बहुतेक वेळा खुर्चीत बसून घालून पाहिला जातो आणि तिथेच पसंत केला जातो. बसल्या जागी सगळेच पट्टे बरे वाटतात. ऊब मिळते, आवळल्याने आधार वाटतो आणि अंगाचा भार तर गुडघ्यावर नसतोच. पट्ट्याचा कस लागतो तो दहा मिनिटं चालल्यावर, जिना उतरताना आणि खुर्चीतून उठताना. म्हणून इथलं परीक्षण एकाच कसोटीवर केलं आहे: गुडघा झिजलेल्या, दुखणाऱ्या ज्येष्ठ माणसाची चाल या वस्तूमुळे सुधारते, तशीच राहते की बिघडते? तिन्ही गोष्टी घडतात, आणि तिसरी घडते तेव्हा ती सहसा पट्ट्याच्या माथी मारली जात नाही, वयाच्या मारली जाते.

आधी गुडघ्यावर काय गुदरतं ते पाहू. सपाट जमिनीवर चालताना सांध्यावर अंगाच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. जिना उतरताना तो साडेतीनपटीच्या आसपास जातो. कृत्रिम सांध्याच्या आतच मोजयंत्र बसवलेल्या माणसांना चालवून हे आकडे मिळाले आहेत. हा भार सांध्यात सारखा वाटला जात नाही. आतल्या, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडच्या बाजूवर जास्त पडतो. त्यामुळे झीज बहुधा तिथूनच सुरू होते आणि पाय हळूहळू धनुष्यासारखे बाकतात.

दुसरी गोष्ट वाकण्याची. टाच टेकल्यावर गुडघा १५ ते २० अंश वाकून धक्का झेलतो. तेच पाऊल हवेतून पुढे जाताना गुडघा ६० अंशांच्या आसपास वाकतो आणि त्या वेळी बोटं आणि जमीन यांच्यात जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचं अंतर उरतं. जाड किंवा घट्ट पट्ट्याने हे वाकणं थोडं जरी अडवलं, तरी पाऊल घासायला लागतं. मग सतरंजीच्या काठाला किंवा उंबऱ्याला ठेच लागते. पट्टा निवडताना दुखणं किती कमी झालं एवढंच विचारलं जातं. पाऊल पुरेसं उचललं जातंय का, हे क्वचितच कुणी पाहतं.

गुडघा दुखायला लागला की चाल ठरलेल्या पद्धतीने बदलते. पावलं आखूड होतात, दुखऱ्या पायावर माणूस कमी वेळ थांबतो, गुडघा ताठ ठेवून चालतो. मांडीचा पुढचा स्नायू दुखण्यामुळे पुरता जोर लावत नाही, म्हणून गुडघा मधेच लचकतो. या लचकण्याची धास्ती बसली की चालणंच कमी होतं, स्नायू आणखी बारीक होतो, आणि गाडं त्याच फेऱ्यात अडकतं. पट्ट्याने हा फेरा कुठेतरी तोडला तर तो उपयोगी पडला असं म्हणायचं.

नळीसारखी ओढून घालायची नी कॅप

सर्वांत जास्त खपणारा प्रकार हाच. विणलेली, ताणली जाणारी किंवा निओप्रीनची, म्हणजे जाडसर कृत्रिम रबराची, नळी. ती सांध्याची ठेवण बदलत नाही, बाक सरळ करत नाही, हाडांवरचा भार फारसा हलवत नाही. कापडाची नळी पोकळ असते, तिच्यात भार पेलणारं काहीच नसतं. मग बरं का वाटतं? कारण ती त्वचेला सतत स्पर्शाची जाणीव देते, गुडघा कुठे आणि किती वाकला आहे याची मेंदूला थोडी अधिक नीट कल्पना येते, ऊब राहते आणि हलकी सूज आटोक्यात राहते. दुखणं थोडं उतरतं, पाऊल टाकायचा विश्वास येतो. सौम्य ते मध्यम झिजेसाठी, बाक नसलेल्या पायासाठी, हे पुरेसं असतं.

जाडी मात्र पाहून घ्यावी. निओप्रीनच्या नळ्या साधारण ३, ५ आणि ७ मिलिमीटर जाडीत मिळतात. ७ मिलिमीटरची नळी वजन उचलणाऱ्या खेळाडूंसाठी असते. ती गुडघा वाकवायला विरोध करते आणि सरळ करायला मदत करते, आणि खेळाडूला तेच हवं असतं. ज्येष्ठांना तेच नको असतं. ‘जाड म्हणजे जास्त आधार’ हा समज ज्येष्ठांच्या बाबतीत उलटा पडतो. ३ मिलिमीटरच्या वर जाऊ नये. उष्ण हवेत तर निओप्रीनपेक्षा विणलेलं, हवा खेळती ठेवणारं कापड बरं.

या प्रकाराचा मोठा दोष घालण्याचा आहे. नळी पावलावरून, घोट्यावरून, पोटरीवरून ओढत आणावी लागते. हाताच्या बोटांनाही संधिवात असेल, कमरेतून वाकता येत नसेल, तर दोनच गोष्टी होतात. एक तर ती घातलीच जात नाही, नाहीतर सैल नळी विकत घेतली जाते, जी चार पावलांत घसरून पोटरीवर गोळा होते. गोळा झालेली नळी दोरीसारखी आवळते. ती न घातलेली परवडली.

गुंडाळून वेल्क्रोने लावायचा, वाटीपाशी उघडा पट्टा

एकच पट्टा सुचवायचा झाला तर बहुतेक ज्येष्ठांना हा सुचवावा. तो पूर्ण उघडतो, पावलातून घालावा लागत नाही, खुर्चीत बसून मागून पुढे गुंडाळता येतो. सकाळी सूज कमी आणि संध्याकाळी जास्त असेल तर तसा सैल-घट्ट करता येतो. समोर वाटीसाठी गोल भोक असतं, त्याभोवती सिलिकॉनची किंवा स्पंजची कडी असेल तर उत्तम. वाटी दाबली जात नाही आणि पट्टा जागेवर राहायला मदत होते. बाजूंना लवचीक पोलादी पट्ट्या किंवा सर्पिल स्प्रिंगा असतात. त्या गुडघ्याला वाकू देतात आणि कापडाला गुंडाळी होऊ देत नाहीत. त्यांचं काम एवढंच. त्यांनी गुडघा सावरला जातो असं वेष्टनावर लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नये.

घेताना मागची बाजू पाहा. गुडघ्यामागच्या लवणीत कापड पातळ किंवा जाळीचं असायला हवं. तिथे जाड शिवण असेल तर दर पावलाला ती काचते, आणि काचू नये म्हणून माणूस नकळत गुडघा कमी वाकवतो. मघाचं एक-दोन सेंटिमीटरचं अंतर इथेच गमावलं जातं. दोष दिसायला किरकोळ आहे, परिणाम किरकोळ नाही. वेल्क्रोचे पट्टे किमान चार-पाच सेंटिमीटर रुंद हवेत. अरुंद पट्टा मांसात रुततो. टोकाला बोट अडकवायला कडी असेल तर कमजोर पकडीच्या हातांना सोपं जातं.

बिजागरीचा ब्रेस

दोन्ही बाजूंना धातूची किंवा कडक प्लास्टिकची दांडी आणि मधे बिजागरी. गुडघा आत-बाहेर डगमगत असेल, हाडांना हाडं बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल झाले असतील, उलट्या बाजूला जास्त ताणला जात असेल, तर याचा उपयोग आहे. नुसतं दुखत असेल तर नाही. दुखण्यासाठी म्हणून घेतलेला बिजागरीचा ब्रेस बहुधा कपाटात जातो.

बिजागरी जागेवर बसणं हा इथला कळीचा मुद्दा. तिचा मध्य गुडघ्याच्या वाटीच्या मध्याच्या पातळीला आणि बाजूने पाहिल्यास पायाच्या मध्यरेषेच्या किंचित मागे यायला हवा. ती खाली उतरली तर गुडघा एका ठिकाणी वाकतो आणि ब्रेस दुसऱ्या. मग दर पावलाला ब्रेस आणखी खाली ढकलला जातो, दांडीचं टोक पोटरीत खुपतं. ‘ब्रेस टोचतो’ ही तक्रार बऱ्याचदा ब्रेसची नसून बिजागरी सरकल्याची असते.

भार हलवणारा ब्रेस

याला डॉक्टर अनलोडर म्हणतात. सांध्यावरचा भार खरोखर हलवायचा प्रयत्न करणारा हाच एक प्रकार. आतली बाजू झिजलेली असेल तर हा ब्रेस गुडघ्यापाशी बाहेरून आत दाब देतो, आणि मांडी व पोटरी या दोन ठिकाणी आतून बाहेर. तीन ठिकाणच्या या दाबामुळे पायाचा बाक किंचित सुटतो आणि झिजलेल्या बाजूवरचा काही भार दुसरीकडे जातो.

किती? सांध्यात मोजयंत्र असलेल्या तीन माणसांवर ब्रेस चढवून हे २०११ साली मोजलं गेलं. ब्रेसचा बाक सोडवणारा कोन ४ अंशांवर ठेवला तेव्हा आतल्या बाजूच्या भारात झालेली घट माफक होती. ८ अंशांवर ती बरीच वाढली, पण इतका दाब रोज तासन् तास सोसवत नाही. या वस्तूची अडचण नेमकी इथे आहे. जेवढा दाब उपयोगी, तेवढा तो नकोसा. त्वचा पातळ आणि मांडी सैल झालेल्या माणसाला तर जास्तच. ब्रेसचं वजन साधारण अर्धा किलो असतं, तो कपड्याखाली मावत नाही, आणि वर्षभरात अनेक जण तो वापरणं सोडून देतात.

तरीही योग्य माणसाला त्याने चालण्यात सर्वांत ठळक फरक पडतो. योग्य माणूस कोण? झीज प्रामुख्याने एकाच बाजूला आहे, उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये ती दिसते, हाताने दाब दिल्यावर बाक थोडा तरी सुटतो, गुडघा जवळजवळ पूर्ण सरळ होतो, आणि हातांची पकड ब्रेस लावण्याइतकी आहे. दोन्ही बाजू झिजल्या असतील किंवा बाक पक्का बसला असेल तर पैसे वाया जातात. आडवं झोपून काढलेल्या एक्स-रेवरून हा ब्रेस ठरवू नये, कारण भार नसताना सांध्यातली फट खरी असते त्यापेक्षा मोठी दिसते. आणि तो माप घेऊन, बसवून, चालवून पाहूनच घ्यावा. घरपोच मागवायची ही वस्तू नव्हे. आतल्या बाजूच्या झिजेसाठीचा ब्रेस बाहेरच्या बाजूच्या झिजेला लावला तर तो झिजलेल्या बाजूवरच भार वाढवतो.

वाटीसाठीचे पट्टे

जिना उतरताना, बराच वेळ बसून उठताना गुडघ्याच्या समोर, वाटीमागे दुखत असेल तर वाटीला जागेवर धरणारा मऊ ब्रेस वेगळा मिळतो. मँचेस्टर विद्यापीठाच्या २०१५ सालच्या एका चाचणीत १२६ जणांनी भाग घेतला होता. ज्यांनी असा ब्रेस ६ आठवडे वापरला, त्यांचं दुखणं कमी झालं आणि वाटीच्या सांध्यातल्या हाडाच्या आत दिसणारे सुजेसारखे डागही आकाराने घटले. वाटीच्या दुखण्यावर म्हणूनच हा बिनधास्त सुचवता येतो. फक्त दुखणं वाटीचंच आहे याची खात्री हवी. वाटीखाली बांधायची अरुंद पट्टी ही निराळी वस्तू आहे. ती उड्या मारणाऱ्या खेळाडूंच्या स्नायुबंधाच्या दुखण्यासाठी असते, झिजेसाठी नाही.

ज्यावर पैसे घालवू नयेत ते

क्रेप बँडेज रोज गुंडाळून फिरणं हा आधार नव्हे. दर वेळी ताण वेगळा पडतो, अर्ध्या तासात ते सैल होतं किंवा कडेला दोरीसारखं आवळतं. मार लागल्यावर पहिले काही दिवस ठीक. चुंबक आणि तांब्याचा धागा असलेल्या पट्ट्यांत उपयोग होतो तो पट्टा असल्याचा. चुंबकाचा किंवा तांब्याचा म्हणून वेगळा काही नाही. गुडघ्यामागे स्प्रिंग असलेले, ‘उठायला बळ देणारे’ सांगाडे पाहताना इतकं लक्षात घ्यावं की स्प्रिंग आधी वाकवावी लागते. उठताना ती मदत करते, पण पाऊल पुढे नेताना वाकणाऱ्या गुडघ्याला तीच विरोध करते. कमजोर स्नायूंच्या माणसाने ते घालून चालू नये.

माप

पट्टा वाया जाण्याचं पहिलं कारण चुकीचं माप. लहान, मध्यम, मोठा यावर जाऊ नये. प्रत्येक उत्पादकाचा तक्ता वेगळा असतो. शिवणकामाची मऊ टेप घ्या. उभं राहून, गुडघा किंचित सैल सोडून तीन ठिकाणी घेर मोजा: वाटीच्या मध्यावर, तिथून वर मांडीवर आणि तिथून खाली पोटरीवर. वर-खाली किती अंतरावर मोजायचं हे तक्त्यात दिलेलं असतं, काहींत १० सेंटिमीटर, काहींत १५. अंदाजाने मोजलेला घेर इथे हमखास फसवतो, कारण ज्येष्ठांची मांडी पाच सेंटिमीटरच्या अंतरात बरीच निमुळती होते. टेप त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको.

सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मोजा. दोन्हींत दीड-दोन सेंटिमीटरचा फरक पडत असेल तर नळी घेऊच नका, गुंडाळायचा पट्टा घ्या. मांडीचं आणि पोटरीचं माप दोन वेगळ्या आकारांत बसत असेल तरीही तेच. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा. एक गुडघा वर्षानुवर्षं दुखत असेल तर त्या बाजूची मांडी बारीक झालेली असते.

घालण्याची पद्धत

कधीही उभं राहून घालू नये. हात असलेल्या, न सरकणाऱ्या खुर्चीत पुढे सरकून बसावं, पाऊल जमिनीवर टेकलेलं असावं. पट्टा थेट त्वचेवर हवा. पायजम्यावरून किंवा सलवारीवरून घातला की तो कापडासकट घसरतो आणि स्पर्शाची जी जाणीव हवी तीही बोथट होते.

नळी असेल तर वरचा अर्धा भाग खाली दुमडा. पावलावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली तर नळी सहज सरकते. नंतर पिशवी बोटांकडून ओढून काढायची, आणि ती काढल्याशिवाय उभं राहायचं नाही. दोन्ही बाजूंनी धरून सारखी वर आणा, वाटी मध्यावर आली की दुमड उलगडा. गुंडाळायचा पट्टा असेल तर आधी वाटीचं भोक नेमकं बसवा, मग गुडघ्याच्या लगेच खालचा पट्टा लावा, त्यानंतर वरचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. पोटरीचा फुगवटा गुडघ्याखाली सुरू होतो आणि पट्टा खाली घसरू न देणारा आधार तोच असतो. आधी मांडीचा पट्टा आवळला तर सगळं काही निमुळत्या मांडीवरून खाली येतं.

किती घट्ट? पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. दहा मिनिटांनी पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. रंग दुसऱ्या पायाइतक्याच लवकर परतला पाहिजे. पाऊल गार पडलं, मुंग्या आल्या, घोट्याभोवती सूज दिसली की सैल करा. मग उभं राहून पट्टे पुन्हा एकदा सारखे करा, कारण उभं राहिल्यावर मांडीचा आकार बदलतो.

एक सक्त सूचना: दुखणं घालवणारं मलम किंवा बाम चोळून त्यावर निओप्रीन चढवू नये. बंद हवेत मलमाची आग वाढते, त्वचा भाजल्यासारखी होते, आणि बधिर झालेल्या पायाला ते कळतही नाही.

चालून पाहण्याची कसोटी

परत करण्याची सोय असेल तोवरच हे करून घ्यावं. घड्याळ आणि टेप पुरे. सोबत कुणीतरी उभं असावं, पायात नेहमीची चप्पल किंवा बूट असावा.

पहिली कसोटी: खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. पट्ट्याविना दोनदा, पट्टा घालून दोनदा. पट्ट्याने वेळ वाढत असेल तर तो पट्टा नको, मग तो कितीही सुखद वाटो.

दुसरी: ४ मीटर सरळ चाल, नेहमीच्या वेगाने. आधी दोन पावलं चालत येऊ द्या आणि मगच घड्याळ सुरू करा. ५ सेकंद म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटर, याहून मंद चाल हे स्नायू आणि तब्येत उतरल्याचं लक्षण मानतात. वेगात सेकंदाला ०.१ मीटरची वाढ झाली, म्हणजे ५ सेकंदांचं अंतर साधारण साडेचार सेकंदांत कापलं गेलं, तर तो रोजच्या जगण्यात जाणवणारा फरक आहे. पण साध्या नी कॅपने वेग फारसा वाढत नाही, हेही ध्यानात ठेवा. तिथे मोजायचं ते हे, की दुखायला लागेपर्यंत किती मिनिटं चालता येतं. आठ मिनिटांची बारा मिनिटं झाली तर पट्टा आपलं काम करतो आहे.

तिसरी कसोटी कानांची. फरशीवर चालताना ऐका. पट्टा घातल्यावर पाऊल घासल्याचा आवाज येऊ लागला, किंवा समोरून पाहिल्यावर माणूस त्या बाजूचं कंबरडं उचलून, पाय बाहेरून फिरवून पुढे टाकताना दिसला, तर गुडघा पुरेसा वाकत नाही. वेल्क्रोचा एक पट्टा सैल करून पुन्हा पाहा. तरी तसंच असेल तर वस्तू परत करा.

शेवटी जिना, कठडा धरून, चार-पाच पायऱ्या चढून आणि उतरून. जिन्याला गुडघा ८० अंशांहून जास्त वाकावा लागतो. बसून छान वाटलेले पट्टे इथे उघडे पडतात.

काय बिघडतं आणि का

घसरणं ही सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार. कारणं: माप चुकलेलं, पट्टे लावण्याचा क्रम उलटा, त्वचेवर तेल किंवा क्रीम, किंवा कापडाचा ताण संपलेला. घसरतो म्हणून आणखी आवळणं हा त्यावरचा उपाय नाही. त्याने पुढचा धोका ओढवतो.

तो धोका मज्जातंतूचा आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाचा एक छोटा उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून एक मज्जातंतू अगदी त्वचेलगत जातो. पाऊल वर उचलण्याचा हुकूम त्याच्याकडूनच पोचतो. पट्ट्याची कड किंवा बिजागरीची दांडी तिथे तासन् तास दाबली गेली तर पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि दाब तसाच राहिला तर पाऊल लोंबतं. बारीक पायांच्या माणसांत तिथे चरबीची गादी नसते, म्हणून त्यांना हा धोका जास्त. मुंग्या आल्या की पट्टा लगेच काढावा. तासाभरात संवेदना परतली नाही किंवा पाऊल वर उचलता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

त्वचेचं दुखणं दोन प्रकारचं. घामाने आणि घासण्याने येणारं पुरळ पट्टा काढून ठेवला की बसतं. पट्ट्याच्या नेमक्या आकारात लाल, खाजणारा चट्टा उठला तर ती निओप्रीन बनवताना वापरलेल्या रसायनांची किंवा रबराची ॲलर्जी असू शकते. तेव्हा कंपनी बदलून उपयोग नाही, कापड बदलावं लागतं.

मधुमेहाने पाय बधिर झालेले असतील, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील, पूर्वी पायात रक्ताची गाठ झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आवळणारा कुठलाही पट्टा नको. एकाच पोटरीला अचानक सूज आणि दुखणं, गुडघा लाल-गरम होऊन ताप, गुडघा मधेच अडकून न हलणं, यावर पट्टा चढवून वाट पाहू नये.

आणि एक चकवा. खुब्याच्या झिजेचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. मोजे घालताना पाय वर घेता येत नसेल, जांघेत दुखत असेल, तर आधी खुबा तपासून घ्यावा. अशा माणसाला जगातला कुठलाही नी कॅप गुण देणार नाही.

किती वेळ घालायचा, कसा धुवायचा

पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवत नेऊन चालण्या-फिरण्याच्या कामांपुरता. काढल्यावर वळ वीस-तीस मिनिटांत गेले पाहिजेत. बराच वेळ बसायचं असेल तर सैल करावा. वाकलेल्या गुडघ्यामागे कापड चुरगळून शिरा दबतात. झोपताना काढूनच ठेवावा.

‘पट्ट्याची सवय लागते, स्नायू मरतात’ ही भीती मऊ पट्ट्यांच्या बाबतीत तपासली गेली आहे. वाटीचा मऊ ब्रेस १२ आठवडे वापरूनही मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद घटली नाही, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. स्नायू बारीक होतात ते न चालल्याने.

धुताना बिजागऱ्या आणि पोलादी पट्ट्या काढून घ्याव्यात, वेल्क्रो चिकटवून बंद करावं, कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुऊन, न पिळता, टॉवेलात दाबून सावलीत वाळवावं. ऊन, ब्लीच आणि गरम हवेचं यंत्र यांनी ताण मरतो. वेल्क्रोत अडकलेले धागे-केस जुन्या टूथब्रशने काढले की पकड परत येते. दोन पट्टे आलटून पालटून वापरले तर ओला पट्टा घालायची वेळ येत नाही. बरेच दिवस वापरल्यावर पट्टा पुन्हा मोजावा: नव्यात होता त्यापेक्षा दोन सेंटिमीटर सैलावला असेल तर तो फक्त कापड उरला आहे.

पट्टा आणि काठी

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ सालच्या शिफारशींत, झिजेमुळे चालणं, सांध्याचं स्थैर्य किंवा दुखणं बरंच बिघडलं असेल तर गुडघ्याच्या ब्रेसला ठाम पाठिंबा आहे. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ साली मात्र पट्टे सरसकट देऊ नयेत असं सांगितलं: सांधा अस्थिर असेल किंवा भार चुकीचा पडत असेल, पट्ट्याशिवाय व्यायाम जमत नसेल किंवा लागू पडत नसेल, आणि पट्ट्याने हालचाल सुधारण्याची शक्यता असेल, तरच द्यावेत. वरवर विरुद्ध वाटणाऱ्या या दोन सल्ल्यांचं मर्म एकच निघतं. पट्टा व्यायामाच्या आणि चालण्याच्या सोबतीला हवा, त्यांच्या जागी नको.

त्याच अमेरिकन शिफारशींत काठीलाही तितकाच ठाम पाठिंबा आहे, आणि बाकलेल्या गुडघ्याच्या माणसाला साध्या नी कॅपपेक्षा काठीने भार अधिक हलका होतो. ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. बूट घालून सरळ उभं राहून हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपर्यंत आली पाहिजे, म्हणजे कोपर २० ते ३० अंश वाकतं. काठीच्या टोकाचं रबर गुळगुळीत झालं की बदलायचं. पट्टा आणि काठी दोन्ही नव्याने सुरू करायची असतील तर आधी आठवडाभर काठी, मग पट्टा. दोन्ही एकदम सुरू केलं तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि पाऊल घासायला लागलं तर दोष कुणाचा तेही नाही.